कथेतला पाऊस कोणाच्या बागेत पडतो?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील नवोदित लेखकांच्या कथा वाचून त्यांच्याशी सविस्तर बोलण्याचे काम मी बरीच वर्षे आवडीने करत आले आहे. या कथांमध्ये भाषेची जाण असते, वाचनाचे संस्कार असतात आणि मनापासून काही सांगण्याची ओढही असते. तरीही त्यांतील पुष्कळशा कथा दुसऱ्या-तिसऱ्या पानावर सैल पडतात. लेखकाला आपला परिसर दिसलेला असतो, पण त्या परिसरातली माणसे कशावर जगतात, कोणाचे कोणाला किती देणे आहे आणि येत्या महिन्यात कोणावर काय ओढवणार आहे, हे कथेत उतरलेले नसते. समुद्राचे वर्णन असते, पण त्या समुद्रात निघालेल्या नौकेत डिझेल कोणाच्या पैशाने भरले गेले, याचा पत्ता नसतो. लेखन शिकू पाहणाऱ्याने सर्वांत आधी नेमकेपणाची सवय लावून घ्यावी, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि ही सवय जितकी कथेत उपयोगी पडते तितकीच पुढे संपादकाशी आणि प्रकाशकाशी व्यवहार करतानाही उपयोगी पडते.

आधी कथेविषयी. माझ्याकडे येणाऱ्या अनेक कथांची सुरुवात माडांच्या रांगा, लाल माती, कौलारू घर आणि दूरवर ऐकू येणारी गाज यांनी होते. यात खोटे काहीच नाही, पण हे वर्णन कोणाचे आहे हे कळत नाही. पर्यटकाला जे दिसते तेच गावात जन्म काढलेल्या बाईला दिसत असेल, तर त्या बाईला पात्र म्हणून अजून जन्मच मिळालेला नाही. एक उदाहरण देते. ‘एप्रिलच्या त्या पहाटे आकाश अंधारून आले आणि अवकाळी पावसाने सारा आसमंत चिंब झाला’ असे एक वाक्य आहे असे समजा. तेच असे लिहून पाहिले: ‘पत्र्यावर पहिला थेंब वाजला तशी वैजू उठली, आणि ताडपत्री शोधायच्या आधी तिने ट्रंकेतली दलालाच्या उचलीची चिठ्ठी काढून दिव्याखाली धरली, खालच्या बागेतला आंबा काढणीला यायला अजून आठ दिवस होते.’ दुसऱ्या वाक्यात पाऊस तोच आहे, पण आता तो कोणाच्या तरी बागेत पडतो आहे. कर्ज आले, मुदत आली, आणि वैजूचा स्वभावही थोडा कळला, कारण तिने ताडपत्रीआधी चिठ्ठी पाहिली. वर्णन कमी झाले म्हणून वातावरण कमी झाले, असे येथे झालेले नाही.

कोकणात कामाचे वर्ष इतके ठळक आहे की कथानक कोठून आणावे, हा प्रश्न येथील लेखकाला पडू नये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ज्याला हे माहीत आहे, तो जुलैच्या मध्यावर ट्रॉलर सहज समुद्रात सोडणार नाही. आणि सोडलाच, तर ती नौका नियम मोडून का निघाली, तांडेलावर, म्हणजे नौकेच्या प्रमुखावर, कोणाचा दबाव होता, खलाशांपैकी कोण नको म्हणाला आणि तरी चढला, हीच त्याची कथा होईल. बंदीच्या त्या दोन महिन्यांत जाळी विणणारा, उधारीवर किराणा आणणारा, मुलीच्या शाळेचा खर्च पुढे ढकलणारा माणूस हे स्वतंत्र विषय आहेत. रापण, म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांच्या वाट्याचा हिशेब, पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक (यांत्रिक नौकेवरून माशांचा थवाच वेढून घेणारे जाळे वापरणारे) यांच्यातला तणाव, एकाच घरातला एक भाऊ रापणीत आणि दुसरा पर्ससीन नौकेवर नोकरीला असणे, यांत संघर्ष बाहेरून आणावा लागत नाही. हर्णै बंदरावर किनाऱ्यावरच होणारा मासळीचा लिलाव एकदा शांतपणे उभे राहून ऐकला, तर माणसे बोलताना काय लपवतात, याचे शिक्षण पुष्कळ मिळते.

आंब्याचेही तसेच आहे. बाग स्वतःची असली तरी फवारणीचा खर्च कोणाकडून घेतला, बाग कराराने दुसऱ्याला दिली असेल तर झाडाला मोहोरासाठी संजीवकाची मात्रा किती घालायची हे कोण ठरवते, मोहोर धरला की तुडतुडा या किडीच्या धास्तीने रात्रंदिवस जीव कोणाचा खालीवर होतो, फळ उतरवताना झेला (जाळी लावलेली काठी) कोणाच्या हातात असतो, पेटी वाशीच्या बाजारात गेल्यावर विक्रीच्या हिशेबाची पट्टी किती दिवसांनी येते, या प्रत्येक टप्प्यावर एक माणूस आहे आणि त्या माणसाचे दुसऱ्याशी नाते आहे. आज रत्नागिरीतल्या कितीतरी बागांची राखण नेपाळहून आलेली कुटुंबे करतात. हंगामभर त्यांची मुले आमच्या झाडांखाली खेळतात, आणि आमच्या कथांमध्ये ही माणसे जवळजवळ दिसतच नाहीत. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाहेरच्या राज्यातला आंबा कोकणच्या नावाच्या पेटीत भरण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. अशी पेटी भरणारा तरुण स्वतः बागायतदाराचा मुलगा असेल, वडिलांचा हंगाम थ्रिप्स या किडीने गेला असेल, तर त्याच्या हाताने चिकटवलेले एक लेबल कथेला पुरेसे आहे.

बंद घराची कथा तर मला सर्वांत जास्त वेळा वाचायला मिळते. मुंबईहून चाकरमानी गणपतीला येतो, कुलूप उघडतो, माजघरात आईची आठवण येते, डोळे पाणावतात आणि कथा संपते. ही भावना खरी आहे, म्हणूनच ती इतक्यांना लिहावीशी वाटते. पण भावनेच्या पलीकडे त्या घरात बरेच काही शिल्लक असते. किल्ली वर्षभर कोणाकडे असते? घरपट्टी कोण भरतो, आणि भरतो म्हणून त्याला घरावर हक्क आहे असे वाटू लागले आहे काय? सातबारा सामाईक असेल तर त्यावर किती नावे आहेत, त्यांतली किती माणसे हयात आहेत, आणि महामार्गाच्या रुंदीकरणात जमीन गेल्यावर मोबदल्याच्या नोटिशीवर सही करायला कोण कोण आले? ज्यांचे चेहरे कोणी कधी पाहिले नव्हते असे चुलतभाऊ एका टेबलाभोवती बसतात, तेव्हा कादंबरीची सामग्री समोर असते. तरुण लेखकांना मी आवर्जून सांगते की आपल्या घराचा सातबारा आणि फेरफार एकदा बसून वाचा, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला प्रत्येक नावाविषयी विचारा. तुमच्या घरातली खरी माणसे जशीच्या तशी कथेत आणू नका. पण नात्यांची रचना कशी गुंतते, हे त्यातून समजून घ्या.

भुताखेतांच्या कथांविषयी थोडेच सांगते, कारण त्यांना वाचक आणि श्रोते भरपूर आहेत. देवचार, मुंजा, हडळ यांपैकी काहीही आणा, मात्र भीती नेमकी कोणाची आहे हे ठरवा. ज्या माणसाने जमिनीची हद्द रात्री सरकवली आहे, त्याला पाणंदीत वाटणारी भीती आणि पहिल्यांदाच गावी आलेल्या सुनेला वाटणारी भीती यांची कथा एक होऊ शकत नाही.

संवादांच्या भाषेवर मात्र थांबून बोलले पाहिजे. मालवणी मुलखातला लेखक दोन टोकांना जातो. एक तर त्याची सगळी पात्रे पुस्तकी प्रमाणभाषेत बोलतात, किंवा बोली आली की तिच्याबरोबर विनोद यावाच लागतो, असे तो धरून चालतो. मालवणी नाटकांनी या बोलीला रंगभूमीवर फार मोठे प्रेम मिळवून दिले, आणि त्याबद्दल आपण सगळे कृतज्ञ आहोत. पण या बोलीत आपण वाटण्या करतो, मयताला जातो, मुलाला शिकायला बाहेर पाठवतो आणि देवाला गाऱ्हाणेही घालतो. ‘काय सांगू तुका, औंदा मोहोरच धरूक नाय’ हे वाक्य हसण्याचे नाही. ज्याच्या तोंडी ते आहे, त्याचे वर्ष गेलेले आहे. तेव्हा बोली वापरताना ती गंभीर प्रसंगात आधी वापरून पाहा. तेथे ती उभी राहिली की विनोदात आपोआप उभी राहील. निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत, ही रीत नवोदितासाठी सोयीची आहे. लेखन सर्वत्र सारखे ठेवावे. एका पानावर ‘माका’ आणि दुसऱ्या पानावर ‘मका’ असे होऊ देऊ नये. अर्थ संदर्भाने कळेल अशी वाक्यरचना करावी, म्हणजे तळटिपांची गरज पडत नाही. आणखी एक गोष्ट अशी की एकाच गावात सगळे एकसारखे बोलत नाहीत. रत्नागिरीची संगमेश्वरी, बाणकोटी वळण, कोकणी मुसलमानांची बोली, मुंबईत वाढलेल्या नातवाची मिश्र भाषा, शाळेतल्या गुरुजींची जपून बोललेली मराठी, हे सर्व एका ओटीवर एकत्र येते. कोण कोणाशी बोलताना आपली भाषा बदलतो, हे टिपले की पात्राचा सामाजिक दर्जा, भीती आणि अभिमान वेगळा सांगावा लागत नाही.

पुनर्लेखनाबाबत माझी सूचना साधी आहे. पहिला खर्डा झाला की तो काही आठवडे बाजूला ठेवा, मग कोणासमोर तरी मोठ्याने वाचा, आणि वाचताना जेथे तुमचा आवाज घाईला येतो तेथे खूण करा; ती वाक्ये बहुधा तुम्हालाच पटलेली नसतात. शेवटच्या परिच्छेदात पात्राला काय उमगले हे सांगितले असेल तर तो परिच्छेद काढून कथा वाचून पाहा. शुद्धलेखन स्वतः तपासा. मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम शिकायला फार वेळ लागत नाही, आणि संपादकाच्या मनात तुमच्याविषयी पहिला आदर तेथूनच निर्माण होतो.

आता व्यवसायाकडे वळते, कारण तरुणांचा प्रश्न नेहमी हाच असतो की लेखनावर जगता येईल काय. मराठीत केवळ कथा-कादंबरीवर घर चालवणारे लेखक फार थोडे आहेत, आणि हे सत्य लपवणे अन्यायाचे होईल. एक हिशेब मांडून पाहा. पुस्तकाची किंमत ३०० रुपये असेल आणि मानधन (रॉयल्टी) किमतीच्या १० टक्के ठरले असेल, तर एका प्रतीमागे ३० रुपये मिळतात. हजार प्रती विकल्या गेल्या तर ३०,००० रुपये, आणि नव्या लेखकाच्या हजार प्रती संपायला वर्षे जातात. म्हणून पोटासाठी दुसरे काम असणे यात कमीपणा मुळीच नाही. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते आणि त्या वर्षांत त्यांनी लेखनही केले. मुर्डीत जन्मलेल्या श्री. ना. पेंडशांनी मुंबईत बेस्टमध्ये नोकरी केली, आणि दापोली-हर्णैचा परिसर त्यांच्या कादंबऱ्यांतून मराठी वाचकांच्या मनात कायमचा बसला. कवी-कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकरांनी कुडाळात घरची खानावळ सांभाळली. नोकरी निवडताना एवढेच पाहावे की दिवसातला एखादा तास शाबूत राहील, आणि माणसे जवळून दिसत राहतील. तलाठी कार्यालय, पतसंस्था, एसटी, बंदर, आरोग्य केंद्र, शाळा ही सगळी लेखकाला फार देणारी ठिकाणे आहेत.

मुंबई-पुण्याला गेल्याशिवाय लेखक होता येत नाही, ही समजूतही सोडावी. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून उभे आहे. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने जुलै २०२१ च्या पुरात फार मोठे नुकसान सोसले, आणि तरी ते पुन्हा वाचकांसाठी उभे राहिले. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या शाखा तालुक्यातालुक्यांत आहेत आणि मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे. यांपैकी कोठेही गेलात, तर तुमची कथा ऐकून घेणारा एखादा जाणता वाचक भेटण्याची शक्यता मोठी आहे, आणि सुरुवातीच्या काळात चांगला वाचक भेटणे मला प्रकाशक भेटण्यापेक्षा महत्त्वाचे वाटते.

छापून येण्याचा मराठीतला सर्वांत भक्कम मार्ग अजूनही दिवाळी अंकांचाच आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि संपादक आजही अनोळखी नावाचे हस्तलिखित वाचतात. मात्र अंक दिवाळीत दिसत असला तरी त्याची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये कथा पाठवून अपेक्षा करू नये. जून-जुलैपर्यंत ती संपादकाच्या हाती असावी. पाठवण्याआधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन अंक वाचा, म्हणजे तेथे कोणत्या लांबीच्या आणि वळणाच्या कथा येतात ते कळेल. कथा युनिकोडमध्ये टंकलिखित असावी, शब्दसंख्या आणि संपर्क द्यावा, सोबतचे पत्र चार ओळींचे असावे आणि त्यात कथेचे तात्पर्य सांगू नये. एकच कथा एकाच वेळी अनेकांना पाठवू नका. पाठवायचीच असेल तर तसे स्पष्ट लिहा. समाजमाध्यमावर आधीच टाकलेली कथा अनेक संपादक प्रकाशित समजतात, हेही ध्यानात असू द्या. नकार आला, किंवा काहीच उत्तर आले नाही, तर योग्य मुदतीनंतर एक विनम्र स्मरणपत्र पाठवून कथा दुसरीकडे पाठवावी आणि पुढची लिहायला घ्यावी.

पुस्तकाच्या टप्प्यावर मात्र मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण कथेत शब्दन् शब्द तोलणारी मुले करारावर न वाचता सही करतात. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापून देणे हा एक व्यवसाय आहे, आणि तो उघडपणे केला तर त्यात गैर काही नाही. पण ‘आम्ही तुमचे पुस्तक स्वीकारले’ असे कळवून मागाहून रक्कम मागितली जाते, तेव्हा काही प्रश्न लेखी विचारलेच पाहिजेत. प्रती किती छापणार, किंमत किती ठेवणार, वितरण कोण करणार, उरलेल्या प्रतींचे काय होणार आणि विक्रीचा हिशेब वर्षातून किती वेळा मिळणार? पुस्तकाच्या आयएसबीएन या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकासाठी वेगळे शुल्क सांगितले गेले, तर लक्षात ठेवा की भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेमार्फत विनामूल्य दिला जातो.

कायदा लेखकाच्या बाजूने बराच बोलतो, पण तो माहीत असावा लागतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार स्वतःच्या कथेचा पहिला मालक सर्वसाधारणपणे लेखकच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनेच देता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्याचा वापर केला नाही, तर करारात वेगळे काही नमूद नसल्यास ते हक्क लेखकाकडे परत येतात. म्हणूनच ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशा शब्दांपाशी थांबा. छापील पुस्तकाचा हक्क द्या, पण अनुवाद, श्राव्य पुस्तक, नाटक, चित्रपट आणि मालिका यांचा उल्लेख वेगवेगळा असावा, आणि प्रत्येकाचा मोबदला वेगळा ठरावा. याबद्दल बोलल्याने प्रकाशक नाराज होईल, अशी भीती तरुणांना वाटते; चांगला प्रकाशक नाराज होत नाही, कारण त्यालाही स्पष्ट करारच हवा असतो.

ज्यांच्याजवळ पहिल्या पुस्तकापुरते लेखन जमले आहे आणि प्रकाशक मिळालेला नाही, त्यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेकडे जरूर पाहावे. पहिल्याच पुस्तकाच्या प्रकाशनासाठी ती योजना आहे, आणि तेथे हस्तलिखित तज्ज्ञांकडून वाचले जाते. पुस्तक निघाल्यानंतर राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा गट आहे; त्यातला कादंबरीचा पुरस्कार श्री. ना. पेंडसे यांच्या नावाने आणि कथेचा ग. ल. ठोकळ यांच्या नावाने दिला जातो. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून सुरू आहे आणि तो ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे. राज्य पुरस्कारांसाठी पुस्तक कोणत्या वर्षी प्रसिद्ध झाले हे पाहिले जाते, त्यामुळे पहिल्या आवृत्तीवर प्रकाशनाची तारीख स्पष्ट छापलेली आहे ना, हे मुद्रणाला जाण्यापूर्वीच तपासा, आणि प्रवेशिका प्रकाशक पाठवणार की तुम्ही स्वतः, हे त्याच वेळी विचारून लिहून घ्या.